होतं तसं गाव

"पयलीच रेघ वाकडी आली रे देवमन! सकाळीच घेतली का?" पुंजाजी ओरडला आणि माळावर हशा पिकला.

देवमन कोतवालही हसला. घमेल्यातली चुन्याची फक्की मुठीतून सोडत तो पुढं चालत राहिला. जुनं गाव येत्या पावसात धरणाखाली जाणार होतं. नवं गावठाण म्हणजे नुसता सपाट, उघडा माळ आणि मधोमध सरकारनं बांधलेली एक विहीर. साहेब म्हणाले होते, कुणीही कुठंही बसा. भिवाजी पाटलाला ते पटलं नाही.

"होतं तसंच बसवू," पाटील म्हणाला. "ज्याचा जो हक्क, तो हालला नाही पायजे. देवमन, तुले समदं गाव तोंडपाठ हाये. तूच आख."

आजवर गावानं देवमनला हुकूम सोडले होते, विचारलं कधी नव्हतं. त्याची छाती भरून आली.

सकाळी निघताना त्याची बायको केशरबाई म्हणाली होती, "नाला धरनात चालला, लई बेस झालं. त्याच्या पल्याड राहून जलम गेला माहा. पावसाळाभर लुगडं वर धरून, डोक्यावर हंडा घेऊन पान्यातून गेली. आता इहिरीजवळ घर पायजे मले. आयकून राह्यले ना तुमी?"

"हो वं. आता तुह्या पायाले पानी नाही लागू देत."

देवमननं पाटलाची गल्ली आखली. देवीचा पार आखला. कुणाची बैलगाडी कोणत्या बोळीतून जायची, कुणाचं सांडपाणी कुणाच्या दारावरून वाहायचं, सगळं आखलं.

"आन माहा उकिरडा?" पुंजाजीनं विचारलं.

देवमननं तोही आखला. शेवटी आपल्या बौद्ध वस्तीची घरं आखली आणि घमेलं पालथं घातलं.

पाटलानं सगळीकडं फिरून पाहिलं. "वा रे! होतं तसं." लोकांनी लगेच खुंट्या ठोकायला घेतल्या.

केशरबाई नव्या विहिरीचा पहिला हंडा भरून आली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"आपलं घर कुठी हाये?"

देवमननं बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. घर माळाच्या पार टोकाला होतं. पहिल्या वाकड्या रेघेच्याही पलीकडं.

"आन मंधात हे रेघ कायची?"

ती रेघ पाटलानं सांगितली नव्हती. कुणीच सांगितली नव्हती. देवमन आपल्या पांढऱ्या झालेल्या हातांकडं बघत राहिला.

"नाला," तो म्हणाला.

खुंट्यांवर घाव पडत होते. केशरबाईनं डोक्यावरचा हंडा सावरला, एका हातानं लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि कोरड्या माळावरची ती रेघ ओलांडून पलीकडं गेली.