सहावी मूठ

शेवंताबाईंनी सहाव्यांदा सव्वा मूठ गहू टोपलीत टाकले आणि मोहिनीने मनातल्या मनात पुन्हा मोजलं.

श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे गहू घरातल्या माणसागणिक घ्यायचे, एकेकाचे सव्वा मूठ. सासरे उखर्डूआबा, सासू शेवंताबाई, नवरा हितेंद्र, धाकटा दीर भूषण आणि ती स्वतः. झाले पाच. शेवंताबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण मोजण्यात त्यांची चूक काढणारा पाचोऱ्याच्या बाजारात अजून जन्माला आला नव्हता.

"आई, आपण पाचच ना?"

"मोजेल बरोबर शे," शेवंताबाई म्हणाल्या. मान वर न करता त्यांनी टोपली उचलली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

म्हणजे यांना कळलं.

मोहिनीला आठवा आठवडा चालू होता. मागच्या वर्षी पाळी चुकली तशी सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते, आणि नवव्या आठवड्यात सगळं संपलं होतं. पेढे खाऊन गेलेल्याच बायका मग समजूत घालायला आल्या. जळगावात वाढलेल्या, बी.कॉम. झालेल्या मोहिनीला नजर लागते वगैरे पटत नव्हतं. तरी यंदा तीन महिने भरेपर्यंत कुणाला म्हणून सांगायचं नाही, अशी हितेंद्रला तिने शपथ घातली होती. नको ते सोपस्कार आणि नकोच ती दृष्ट.

पण तोंडाला कुलूप लावता येतं, भीतीला नाही. रात्री दोनला डोळे उघडत ते उघडेच राहत. दर तासाला न्हाणीत जायचं आणि दिव्याखाली कपडे निरखायचे. डाग नसला की जीव भांड्यात पडायचा, तोही अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतच. मग जागरणाने बाळाला काही होईल का, ही नवी धास्ती, आणि उरलीसुरली झोपही पसार. दिवसा चुलीपुढे डुलकी लागून भाकरी करपायची. सासूबाई बोलत नसत, पण काही दिवसांपासून तिच्याकडे बघून नजर चोरत. तेही तिला खुपत होतं.

ती तगून होती ती हितेंद्रच्या जिवावर. तो ठिबकच्या नळ्या विकायचा. आठवड्यातले तीन दिवस धुळ्याकडे फिरती आणि मुक्कामही तिकडेच. पण घरी असला की तिच्या उशाशी बसायचा. "डाव्या कुशीवर झोप. उशाजवळ मुरमुरे ठेव, उठायच्या आधी चार दाणे तोंडात टाक, मळमळ बसते. घड्याळाकडे बघू नकोस." छातीत धडधडू लागलं की हात हातात घेऊन म्हणायचा, "अगं, असंच असतं हे. बारावा आठवडा उलटला की झोप आपोआप येते. बघशील तू."

इतक्या खात्रीने तर डॉक्टरीणबाईही बोलत नव्हत्या. गल्लीतल्या बाकीच्या बाप्यांना बायकोला कितवा महिना हे विचारलं तर ते आभाळाकडे बघतात. आपल्याच वाट्याला असा जाणता माणूस आला, म्हणून मोहिनी देवाचे आभार मानायची.

आणि आता त्यानेच आईला सांगून टाकलेलं दिसत होतं. राग यायला हवा होता, पण आली ती भीतीच. अजून आकार न आलेल्या जिवाला देवीपुढे माणसांत मोजलं. उद्या पुन्हा तसंच झालं तर? घातलेली मूठ मग परत कशी घेणार? दळण गिरणीवर जायच्या आत ते गहू निघायलाच हवे होते. ती उठली.

स्वयंपाकघरात शेवंताबाई दाराकडे पाठ करून टोपलीवर फडकं बांधत होत्या.

"कोन उनं? भूषण का?"

"मी आहे, आई. ती सहावी मूठ काढा ना. मला फार भीती वाटते."

शेवंताबाईंचे हात थांबले. त्या हळूच वळल्या. "तुले माहीत शे?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

शेवंताबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मागच्या वर्षी दवाखान्यात रडल्या होत्या, त्यानंतर आजच.

"मले वाटे, तू कोसळी पडशी. म्हनीसन सांगं नही तुले. आनि तू इतलं बठ्ठं एकलीच मनमा ठेवीसन बसनी, व माय!"

मोहिनीलाही रडू फुटलं. इतके दिवस एकटीने वाहिलेल्या ओझ्याला दुसरा हात लागला होता. ती सासूच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, पोटभर रडली. आज आपल्याला झोप लागेल, असं तिला कितीतरी दिवसांनी वाटलं.

"पण मूठ काढा, आई. काही वाईट झालं तर मला सोसायचं नाही."

"नही, बेटा." शेवंताबाईंनी तिचे डोळे पुसले. "रोट बाहेरनाले देतस नही, घरनाच मानसं खातस. आपलंच रगत शे ते. त्याना वाटा त्याले भेटालेच पाहिजे. तू मन मोठं कर. कानबाई तुन्हं भलं करी."

मन कुणासाठी मोठं करायचं, ते मोहिनीला समजेना. ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

शेवंताबाईंनी फडक्याची गाठ घट्ट केली.

"परवा हितू डबा लई जाई धुळाले," त्या म्हणाल्या. "यंदा दात उनात पोऱ्याले. खाई तो आते."