जेवणानंतरची तंबाखू

माझ्या पिशवीत तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी सापडल्या, तशा मुलाने त्या टेबलावर आपटल्या. "बाबा तोंडाच्या कॅन्सरने जाऊन वर्ष झालं नाही, आणि तू हे खातेस?"

सून म्हणाली, "ओरडू नका, व्यसन हा आजार असतो." मुलगा म्हणाला, "कसला आजार? निव्वळ हट्ट!" दोघं तासभर भांडली. मला कुणी विचारलंच नाही.

शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथल्या मॅडमनी त्यांना बाहेर बसवून फॉर्म काढला.

"आजी, दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. जेवण झालं की."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि तोंडात किती वेळ धरता?"

"तोंडात? शी! उभ्या जन्मात चाखली नाही मी. वाससुद्धा सोसत नाही."

त्यांचं पेन थांबलं. "मग करता काय तिचं?"

"चुना लावून मळते, थाप मारून भुकटी उडवते, आणि ह्यांच्या खुर्चीपुढे हात धरते," मी म्हटलं. "हाताला रग लागली, की मोरीत टाकून देते."