फाटकाची कडी

खिंडीच्या माथ्यावर शरयू आणि तिचे काका सायकली टेकवून धापा टाकत होते. लडाखची ती खडीची वाट चढता चढता दुपार कलली होती. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा मेंढपाळ आला. आभाळ काळवंडलं होतं, तरी तो निवांत होता.

“वाटेत खाली दिसल्या त्या बकऱ्या तुमच्याच ना? एकट्याच सोडल्यात?” काकांनी हिंदीत विचारलं.

“ढग आले की आपणहून वाड्यात जातात. फाटक उघडंच ठेवतो मी. परवाच लोकर काढलीय ना, बर्फात जगायच्या नाहीत.”

शरयूचा चेहरा उतरला. येताना त्या फाटकाला तिनेच कडी घातली होती. “शहाणी गं माझी! दार उघडं टाकणारे आपण नव्हे,” असं काका कौतुकाने म्हणालेही होते.

“बाबा, ते... मी लावलं.”

म्हातारा उताराने धावत सुटला. शरयूने सायकल वळवली, पण काकांनी हँडल धरलं.

“नको पोरी. खाली बर्फ सुरू झालाय बघ, खडीवर चाक ठरायचं नाही.”

खाली दरीत बर्फ पडू लागला होता. बंद फाटकापाशी बकऱ्या जमल्या होत्या. धक्काबुक्की नाही, पळापळ नाही. कुणीतरी येऊन उघडेल, अशा भरवशाने एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.