आधी मेंढरं आली

साखरबाईने तिसरं पुस्तकही परत सरकवलं.

“ह्यात बी नुसत्या लढायाच,” ती म्हणाली.

बापूसाहेब वीस वर्षं बारामतीच्या पेठेत पुस्तकं विकत होते. जगाचा इतिहास मागणारी धनगरीण त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. साल एकोणीसशे त्रेपन्न होतं. दुकानाबाहेर संसार लादलेलं घोडं उभं होतं. साखरबाईच्या दोन मुली, नऊ वर्षांची म्हाळसा आणि सात वर्षांची नकोशी, फळीला टेकून उभ्या होत्या. म्हाळसा प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान मोठ्याने वाचायची. साखरबाई डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची.

“बाई, इतिहास म्हणजे राजे आणि लढायाच असतात,” बापूसाहेब म्हणाले. “आणि पोरींना शाळेतच का घालत नाही?”

“शाळा एका जागी ऱ्हाती. आमी न्हाय. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, ते मिरगाला माघारी. कंची शाळा आमच्या संगं चालंल?” तिने मघाच्या पुस्तकावर बोट ठेवलं. “ह्या राजानं शेकडो कोसांवर फौज नेली म्हनं. मग फौजेनं खाल्लं काय? त्या मुलखातल्या मेंढरांमागं कोण होतं?”

बापूसाहेबांनी लढायांचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

ते शिडीवर चढले. अगदी वरच्या फळीवरून त्यांनी एक पुस्तक काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. माणूस शेती कशी करू लागला, जनावरं कशी पाळू लागला, पहिली गावं कशी वसली, असं काहीबाही त्यात होतं. चार वर्षांत त्याची एक प्रत खपली नव्हती.

म्हाळसाने पहिलं पान वाचलं. पान संपलं तरी ती थांबली नाही. उलटून पुढचं वाचू लागली. नकोशीने फळी सोडली आणि बहिणीच्या खांद्यावरून डोकावली.

“आये, ह्यात मेंढरू हाय!”

“हेच द्या,” साखरबाई म्हणाली.

भांडी आणि कोकरं यांच्यामध्ये बसून ते पुस्तक घाट उतरलं. दुपारी मेंढरं सावलीला बसली की म्हाळसा वाचायची. साखरबाई लोकर कातता कातता विचारायची. त्या नदीला पूर आला की माणसं कुठं जायची? मीठ कुठनं आणायची? राणीचं नाव हाय, मग दळणारीचं का न्हाय? उत्तर पुस्तकात सापडलं नाही की म्हाळसा बेचैन व्हायची. मग दिवाळीला जाताना आणि मिरगाला येताना घोडं त्याच दुकानापुढे थांबायचं. बापूसाहेबही आता पुस्तक दाखवण्याआधी विचारत, “बाई, ह्या खेपेला कुठं अडलंय?”

छप्पन साली साखरबाईच्या नवऱ्याने, आबाजीने, पाटाच्या पाण्यावर भिजणारी तुकडाभर जमीन घेतली. फिरणं संपलं. जून महिन्यात साखरबाई पोरींना घेऊन गावच्या शाळेत गेली.

हेडमास्तर सातवीच्या वर्गावर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“शाळेचा दाखला नाही. नियमाने दोघींना पहिलीत बसवावं लागेल.”

म्हाळसा बारा वर्षांची झाली होती. शेजारच्या खोलीत सहा-सहा वर्षांची पोरं पाटीवर अ गिरवत बसली होती. तिकडे बघून तिने मान खाली घातली.

“इचारून तर बघा, गुरुजी,” साखरबाई म्हणाली. “न्हाय आलं तर बसंल पहिलीत.”

वाचन झालं. गणितं झाली. हेडमास्तर थोडे सावरून बसले.

“बरं, जगातलं सगळ्यात पहिलं राज्य कुणाचं, ते सांग.”

“राजं मागनं आलं, गुरुजी,” म्हाळसा म्हणाली. “आधी मेंढरं आली.”

सातवीचा वर्ग खो खो हसला. हेडमास्तर हसले नाहीत. “पुढं बोल,” म्हणाले.

ती बोलत गेली. डोंगरातलं रानटी मेंढरू माणसाने कसं माणसाळवलं. मग नदीकाठी सातू पेरला. धान्य उरलं, तशी कणगी आली. कणगी आली, तसा राखणदार लागला. राखणदाराच्या हातात काठी आली आणि हळूहळू तोच राजा होऊन बसला.

“आन् राजाचं दगडी थडगं बांधणाऱ्यांना भाकरी नि कांदा मिळायचा!” नकोशीला राहवलं नाही.

आता वर्गात कुणी हसत नव्हतं.

“मोठी पाचवीत, धाकटी तिसरीत,” हेडमास्तर म्हणाले. त्यांनी प्रवेशाचा कागद भरला आणि साखरबाईपुढे टाक धरला. “इथं सही करा.”

साखरबाईने टाक घेतला नाही. डावा अंगठा पुढे केला.

हेडमास्तर त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. “तुम्हाला वाचता येत नाही?”

“न्हाय.”

“मग ह्यांना शिकवलं कुणी?”

“बाराखडी नि पाढं त्येंच्या मामानं दिलं, एका पावसाळ्यात.”

“आणि बाकीचं?”

“मी काय शिकवणार, गुरुजी? मला ठावं नव्हतं, ते मी इचारत गेले. त्या हुडकत गेल्या.”

हेडमास्तरांनी तिचा अंगठा स्वतः शाईला लावून कागदावर उमटवला. मग कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. त्यावरचा एक रकाना कोरा राहिला होता. टाक दौतीत बुडवून त्यांनी तिथे सावकाश, वळणदार अक्षरात काहीतरी लिहिलं.

“काय लिव्हलं गं?” साखरबाईने घाबरून विचारलं.

म्हाळसा कागदावर वाकली. मग ताठ उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने वाचलं,

“यापूर्वीची शाळा: साखरबाई आबाजी देवकाते.”