जर्सीवरचा जीव

कप्तानाने पहिल्याच दिवशी आघाडीची पिवळी जर्सी पटकावली आणि आमचे हाल सुरू झाले. सायकल शर्यतीत जर्सी ज्या टीमकडे, तिने रोज सगळ्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. बाकीचे फुकटे मागे आरामात.

मॅनेजर वैतागून म्हणाला, "दोन दिवस ती जर्सी त्या निळ्या टीमच्या गळ्यात मार. त्यांच्याही तोंडाला फेस येऊ दे. डोंगर लागले की परत घेऊ."

"मेलो तरी सोडणार नाही!" कप्तान गरजला.

चाळिशी गाठलेला माणूस आणि ही जिद्द! आमचाच ऊर भरून आला, आणि आम्ही पुन्हा मुकाट पुढे होऊन वारा अंगावर घेतला. संध्याकाळी मालिशवाला माझ्या पोटऱ्या पिळत होता, तेव्हा शेजारच्या टेबलावर पालथ्या पडलेल्या कप्तानाला मी विचारलंच, "दादा, एवढा काय जीव आहे हो त्या जर्सीवर?"

त्याने मान वळवून आवाज खाली आणला.



"अरे, जर्सीवाला लघवीला उतरला की अख्खी शर्यत त्याच्यासाठी हळू होते. गेल्या वर्षी जर्सी नव्हती, तर झुडपामागून बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं!"