ब्रह्मांडाची साप्ताहिक सुट्टी

"जिभेवर आंबट चव आली? म्हणजे ची, ती ब्रह्मांडाची ऊर्जा, आत पोचली," कमळाकर मास्तर म्हणाले, आणि मोरिवलीच्या मैदानात पहाटे साडेपाचला डोळे मिटून उभ्या असलेल्या चौदा जणांनी माना डोलावल्या. सगळ्यांना आली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकं चुरचुरत होती, डोकं हलकं झालं होतं. याला म्हणतात जागृती. २००५ सालच्या थंडीत ती अंबरनाथला अगदी फुकट मिळत होती.

मास्तर राहायला पूर्वेला. व्हीआरएस घेऊन घरी बसलेले, आणि घरी बसलेला माणूस आज ना उद्या कुणाचा तरी गुरू होतोच. उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पातून त्यांनी चिगाँगच्या तीन सीड्या आणल्या होत्या. एक चिनी म्हातारा श्वास घेत हात हळूहळू वर नेतो आणि श्वास सोडत हळूहळू खाली आणतो. तिसरी सीडी अडकायची. जेवढं दिसलं तेवढ्यावर मास्तरांनी शुगर, गुडघे आणि बद्धकोष्ठ बरं करायला घेतलं.

बनूबाईंना दमा होता, वीसेक वर्षांचा. "पंप मारत राहिलात तर ची आत शिरणार कुठून?" असं मास्तर म्हणाले, आणि बाराव्या दिवशीही बाईंचा पंप तांदळाच्या डब्यामागे पडून होता. बाई खोकून खोकून अर्धी झाली. मास्तर म्हणाले, जुना कचरा निघतोय. डॉक्टर मात्र म्हणाले होते, पंप सोडलात तर पुढच्या ॲटॅकला माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही.

नवऱ्यानं, महिपतीनं, हातापाया पडून बघितलं. मोरिवलीचाच माणूस, जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली आणि बदल्यात एका केमिकल कंपनीत ऑपरेटरची नोकरी मिळाली. आता रिटायर. "तुमी एकदा येऊन तर बघा, मग बोला," बनूबाई म्हणाल्या. म्हणून तो आज आला होता, पॅन्टच्या खिशात पंप घालून.

मास्तरांनी सांगितल्यावर त्यानं एक खोल श्वास घेतला. दुसरा घेतलाच नाही.

"मास्तर, शुक्रवारी क्लास का नसतो?" त्यानं विचारलं.

मास्तर खूश झाले. असे प्रश्न कोणी विचारत नाही. "सुरुवातीला घेत होतो. पण शुक्रवारी कुणालाच अनुभव येईना. ना चव, ना अश्रू. मग मी चिंतनाला बसलो. तेव्हा उलगडलं, शुक्रवारी ब्रह्मांड विश्रांती घेतं."

"ब्रह्मांड नाय, एमआयडीसी," महिपती म्हणाला. "शुक्रवारी कंपन्यांना सुट्टी. ही चव त्या भिंतीपल्याडच्या कंपनीच्या गॅसची हाय."

शुक्रवारची सुट्टी अख्ख्या अंबरनाथला पाठ. पण एकदा डोळे मिटून हात वर केले की माणूस अंबरनाथचा राहत नाही. रिटायर्ड शिक्षिका वृंदाताई वैतागल्या. "काका, प्लीज, निगेटिव्ह बोलू नका. माझी आत्ता कुठे समाधी लागत होती."

"आणि कशावरून गॅस?" मास्तर म्हणाले. "तुम्ही पाहिलात?"

महिपतीनं बायकोकडे बघितलं. बनूबाई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, छातीचा भाता झाला होता, ओठ काळसर पडले होते. तरी डोळे मिटलेलेच. आता नाही बोललं तर ही बाई इथंच आडवी होणार होती. आणि बोललं तर आजवर जे कुणाला सांगितलं नाही ते चौदा जणांसमोर सांगावं लागणार होतं.

"त्या गॅसचा व्हॉल्व्ह मी सोडायचो," तो म्हणाला. "बावीस वर्षं. गॅस धुवून सोडायचं मशीन हाय, पण ते चालवायला खर्च येतो. साहेब सांगायचे, पहाटे सोड, तेव्हा कोण जागं असतंय. पाच वीसला सोडायचो, सहाला बंद. आताही तसंच चाललंय, वासावरनं कळतं. अर्ध्या गावाच्या छात्या मी जाळल्यात. काय मारायचं ते मला मारा, पण इथनं चला."

तो मान खाली घालून उभा राहिला. चपला पडणार याची त्याला खात्री होती. पहिले शंकरराव पुढे आले. त्यांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून तर ते इथं यायचे. ते वाकले आणि त्यांनी महिपतीच्या पायांना हात लावला.

"म्हणजे इतकी वर्षं ही ऊर्जा तुमच्या हातून वाहत होती," मास्तर गहिवरून म्हणाले. मागे रांग लागायला लागली. वृंदाताईंनी तेवढ्यात विचारून घेतलं, की आत्ता जो ड्युटीवर असतो त्याला सांगून शुक्रवारी थोडंसं सोडता येईल का.

महिपतीनं रांग ढकलली. खिशातला पंप काढून बायकोच्या तोंडाशी धरला. बनूबाईंनी डोळे उघडले, पंप स्वतःच्या हातात घेतला आणि दोनदा ओढला. हळूहळू ओठांवर रंग आला. महिपतीचा जीव भांड्यात पडला. वाचली. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पाणी गॅसचं नव्हतं.

शब्द फुटण्याइतका श्वास येईपर्यंत बनूबाई थांबल्या.

"दमा बेलवलीचा, माझ्या माहेरचा, असं तुमीच घरभर सांगत फिरलात," त्या म्हणाल्या. "ते ऐकून माझी आई मरेपर्यंत आपल्या दारात आली नाय."