खिडकीतलं भिंगार

विजयाने सोड्याच्या गरम पाण्यात बोळा बुडवून खिडकीच्या काचेवरचे तालमीतले तिन्ही पैलवान पुसून काढले आणि त्यांच्या जागी रस्ता दिसायला लागला.

लढाई सुरू झाल्यापासून भिंगारच्या रस्त्याने दिवसभर सोल्जरांच्या लॉऱ्या जात. विजया वयात आलेली, आणि नाना तिचे वडील. नानांनी आधी तिची शाळा बंद केली, मग खिडकी. उजेड तर हवा, पण बाजारात धुरकट काच मिळेना. पण नाना फोटोग्राफर, अशा कामात त्यांचं डोकं फार चाले. आजोबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्हच्या काचाच त्यांनी तावदानांत बसवल्या. जुना बाजार, वेशीतली मिरवणूक, गावात आलेली पहिली मोटार. काचेवर सगळं उलटं: माणसांची तोंडं काळी, केस पांढरेफेक. अख्खं जुनं भिंगार खिडकीत दाटीवाटीने उभं होतं आणि त्याच्या आडून बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आता शाळेचा टांगा दिसला. मागे बसलेल्या तिच्या वर्गातल्या सुनीतीने वर बघून हात हलवला. विजयाला रडूच फुटलं.

"धुतलीस होय?" मागे नाना उभे होते. "चाळीस वर्षांमागचं गाव होतं ते, बाई."

"ते गेलं, नाना. मला आत्ताचं बघू द्या."

नाना रागावले नाहीत. त्यांनी ती काच उतरवली आणि आतून दुसरी आणून बसवली.

"हिला तू हात लावणार नाहीस," ते म्हणाले.

काचेत आई होती. डोक्यावर पदर घेऊन मोकळ्या माळावर उभी. तिची एवढीच खूण घरात उरली होती. कागदावरचा फोटो वाळवीने खाल्ला होता आणि नवा छापायला लढाईत कागद मिळत नव्हता. विजयाने हात मागे घेतला. नानांनी तिला बरोबर ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी टांग्याची घुंगरं आईच्या पलीकडून वाजत गेली. विजया ऐकत राहिली.

"नाना, आई कधी हौसेनं बाहेर पडली होती का हो?"

"एकदा. हाच फोटो काढायला. माळावरून परत निघताना म्हणाली, अजून थोडं थांबू या."

"थांबलात?"

"कशाला? फोटो झाला होता की."

नाना स्टुडिओत गेले. विजयाने आईच्या तोंडावरची धूळ तळहाताने हलकेच टिपली. मग ती चुलीवर सोड्याचं पाणी ठेवायला उठली.